उन्हाळ्याची सुट्टी कोणाची?

वार्षिक परीक्षा आटोपली, दप्तर खुंटीस लागले आणि "सुट्टी लागली!" असा जयघोष घरोघर झाला, म्हणजे आमच्या मारेगावात उन्हाळा खरा सुरू झाला असे समजावे. पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. सकाळी दहानंतर वणीकडे जाणारा रस्ताही ओस दिसू लागतो. अशा दिवसांत वर्षभर अभ्यास केलेल्या मुलांस विश्रांती मिळावी, याविषयी कोणाचेच दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही सुट्टी घरातील कोणाकोणास मिळते?

कुरडयांच्याच दिवसाचे उदाहरण घेऊ. गहू तीन दिवस भिजत घालावयाचा, रोज त्याचे पाणी पालटावयाचे. मग तो वाटून व गाळून चीक काढावयाचा. रात्रभर चीक खाली बसला की पहाटे चार वाजता वरचे पाणी ओतून टाकून चुलीवर आधण चढवावयाचे. आधणात चीक ओतून गुठळी होऊ न देता तो घाटीत राहणे हे मनगटाची परीक्षा पाहणारे काम आहे. ऊन वर येण्यापूर्वी सोऱ्यातून सर्व कुरडया बाजेवर पडल्या पाहिजेत, म्हणजे दिवसभराचे ऊन त्यांस मिळते. आमच्या घरी हे सर्व होत असता आम्ही पुरुषमंडळी व मुले अंगणात गाढ झोपलेलो असतो, आणि आम्हांस जाग येते ती गरम चिकाची वाटी तयार झाल्यावर! हे सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु असे घर आमचे एकट्याचेच असेल असे वाटत नाही.

कुरडया आटोपल्या की पापड, सरगुंडे, शेवया. त्यानंतर कैऱ्या फोडून लोणचे. मध्येच पाहुणे येतात, वीज जाते, कूलर बंद पडतो, आणि नळास पाणी नेमके सर्वजण जेवावयास बसल्यावर येते. एखाद्या दुपारी अवकाळी आभाळ दाटून आले की वाळवण आत नेण्याची एकच धांदल उडते. या लहानसहान त्रासांस आम्ही हसून सोडून देऊ. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. वाळवण भिजले तर दोष आईचा. पन्ह्यात गूळ कमी पडला तर दोष आईचा. घागरी रिकाम्या राहिल्या तरी दोष तिचाच! काम जिच्याकडे, चूकही तिच्याचकडे, आणि सुट्टी मात्र इतरांकडे, हा न्याय कोणता?

ही केवळ आमची कल्पना नव्हे. २०१९ साली भारत सरकारने लोकांच्या दिनक्रमाची देशव्यापी पाहणी केली. तीत सहा वर्षे व त्यावरील वयाची माणसे विचारात घेतली होती. शंभर स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी दिवसभरात घरकाम करीत होत्या. शंभर पुरुषांपैकी असे फक्त २६ आढळले. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, वेळ जात होता. पुरुषाचा ९७ मिनिटे. यात उन्हाळ्याच्या चुलीची धग मोजलेली नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणतील, "मुलाने अभ्यास करावा, चूल हे मुलींचे क्षेत्र." आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच याचे उत्तर आहे. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामास राहावयास आले. तेथील आश्रमात स्वयंपाक, सफाई इत्यादी कामे आश्रमवासी स्वतः करीत. विद्वत्तेच्या नावाखाली कोणास सूट नव्हती. शुभवर्तमानातील मार्थेची गोष्टही आपण सर्वांनी ऐकली आहे. तिने प्रभूंकडे केलेल्या तक्रारीचे मूळ हेच होते की, कामाचा सारा भार तिच्या एकटीवर पडला होता. तिला जो उपदेश झाला तो आपण नेहमी आठवतो. परंतु घरातील आणखी दोन हात पुढे झाले असते, तर मार्थेसही चरणांपाशी बसावयास अवकाश मिळाला नसता काय?

म्हणून आमची सूचना अशी की, या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो मुलगा असो वा मुलगी, घरातील एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे. "मदत करणे" वेगळे आणि "जबाबदारी घेणे" वेगळे. मदत करणारास रोज सांगावे लागते. जबाबदारी घेणारा स्वतः आठवण ठेवितो.

ज्यांस आरंभ कोठून करावा असा प्रश्न पडेल, त्यांनी परसबाग घ्यावी. गतवर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने भेंडी व चवळी लाविली आणि भर दुपारी पाणी घातले. बहुतेक पाणी उन्हाने उडून गेले, आणि जी रोपे जगली ती शेजारच्या शेळीने एका सकाळी फस्त केली. त्यातून जे शिकलो ते असे : पाणी सूर्यास्तानंतर अथवा अगदी पहाटे घालावे. रोपांच्या बुडाशी कुटाराचा जाड थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. तोंड फुटलेला मातीचा माठ टाकून न देता रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरावा आणि पाण्याने भरून झाकावा. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी हळूहळू मुळांशी पाझरते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणीही झाडांस चालते. साबणाचे मात्र घालू नये. आणि सर्वांआधी पऱ्हाट्यांचे कुंपण करावे! एवढे केले म्हणजे रोजची भाजी आईने शोधावयाची न राहता मुलाने आणून द्यावयाची होते.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या हातून पहिली कुरडई वाकडी पडेल, घागर हिंदकळेल. तेव्हा "राहू दे, तुला जमणार नाही" असे म्हणू नये. वाकडी कुरडईही तळल्यावर तितकीच फुलते. मात्र दुपारी बारा ते चार मुलांस उन्हात काम सांगू नये, आणि ताक अथवा पन्हे देण्यास विसरू नये.

शाळा पुन्हा उघडेल तेव्हा "सुट्टीत काय केले?" हा प्रश्न वर्गात विचारला जाईलच. त्या वेळी आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तरी असे सांगावे, अशी आमची इच्छा आहे की, "या वर्षी आमच्या आईलाही आठ दिवस सुट्टी मिळाली." गुणपत्रिकेवर या उत्तराची नोंद होणार नाही, घरात मात्र ती दीर्घकाळ राहील.