लहानग्यांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

परीक्षेस न लागणारे पुस्तक विकत कशास घ्यावे, असा प्रश्न सोनपेठेतील कित्येक पालक करितात. त्यास कारणही आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता व वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होई. त्यामुळे पुष्कळ घरांत मुलास मराठी गोष्ट वाचून दाखविण्याची वहिवाट पडलीच नाही. ती आता पाडिली पाहिजे.

लहानग्यांस प्रथम चित्रांचे पुस्तक द्यावे. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत लेखणी व कुंचला एकाच हाती असल्याने शब्दांत न आलेले चित्रात सापडते. मूल एखाद्या पानावर रेंगाळले, तर पान उलटण्याची घाई करू नये. पुढे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घ्यावी. तिचे प्रत्येक प्रकरण म्हणजे एक रात्र. तशीच ती रोज एक वाचावी. स्वतः वाचू लागलेल्या मुलास भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे उत्तम सोबती होईल.

तथापि केवळ तात्पर्य पाहून पुस्तक निवडू नये. जे ऐकून मूल 'पुन्हा वाच' म्हणते, तेच त्याचे खरे पुस्तक होय. आणि ज्या घरी आईबापांस वाचता येत नाही, तेथे धाकट्यांस वाचून कोण दाखविणार? विद्यार्थिमित्रहो, ते काम तुमचे आहे.