भाषा समिती आणि सल्लागार समिती

देऊळघाटच्या परिसरात सामुदायिक रेडिओ केंद्र निघावे, असा विचार काही तरुणांच्या मनात घोळत आहे. त्यासाठी आपल्या समाजातील व्यापारी घराण्यांकडे दुहेरी विनंती येऊ लागली आहे: देणगी द्या आणि समितीवर या. देणगीचा निर्णय आपण चटकन घेतो. त्याची आपल्याला पिढ्यानपिढ्यांची सवय आहे. समितीचे निमंत्रण मात्र आपण मानपान म्हणून स्वीकारतो. पत्रिकेत नाव छापून आले, उद्घाटनाला शाल-श्रीफळ मिळाले, की बहुतेकांचे सदस्यत्व तेथेच संपते. मंदिर, पांजरपोळ, वाचनालय, वसतिगृह अशा ठिकाणी ही रीत कशीबशी चालून जाते. रेडिओच्या बाबतीत ती चालणार नाही, असे माझे मत आहे.

कारण रेडिओ केंद्राची खरी मालमत्ता इमारत किंवा यंत्र नसते. ज्या लहरींवरून ते बोलते त्या लहरी कोणाच्याच मालकीच्या नाहीत. ही गोष्ट आपल्या देशात ठामपणे सांगितली गेली ती एका क्रिकेटच्या वादातून. १९९३च्या हीरो चषकाचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि दूरदर्शन यांच्यात तंटा झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे. तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना धनवंतांची. हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. पुढे तेरा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००८ रोजी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील जहीराबादजवळ दलित शेतकरी महिलांनी चालवलेल्या 'संगम रेडिओ'चे उद्घाटन झाले, ते याच सावंतांच्या हस्ते. निकालपत्र लिहिणाऱ्याला त्याचे फळ असे डोळ्यांनी पाहायला मिळणे दुर्मीळच.

मधल्या काळात सरकार सावकाश पावले टाकत होते. २००२च्या अखेरीस फक्त शिक्षणसंस्थांना परवानगीचे धोरण आले. त्यातून १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६मध्ये हे दार नोंदणीकृत सेवाभावी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांसाठीही उघडले. व्यक्तीला, राजकीय पक्षाला किंवा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला परवानगी मिळत नाही. संस्थेकडे समाजसेवेचा किमान तीन वर्षांचा पुरावा हवा. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत. परवानगी दुसऱ्याला विकता वा हस्तांतरित करता येत नाही. पंचवीस हजारांची बँक हमी द्यावी लागते. रक्कम किरकोळ आहे. परंतु बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हमीपत्राच्या नुसत्या उल्लेखानेही बरे वाटते!

आता मुख्य मुद्दा. परवानगी ज्या न्यासाच्या वा संस्थेच्या नावावर असते तिचे विश्वस्त हे मालकीच्या जागी असतात. त्यांच्या खालोखाल, किंबहुना त्यांच्या शेजारी, सल्लागार व आशय समिती असावी लागते. फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेल्या सुधारित धोरणाने या समितीत निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले आहे. अट चांगली आहे. पण या समितीवर माणसे नेमणार कोण? तेच विश्वस्त. ज्यांना सल्ला द्यायचा, तेच सल्लागार निवडणार. येथेच सगळी गोम आहे. अकरा जणांच्या यादीत सहा महिला बसवणे अवघड नाही. त्या सहाही विश्वस्तांच्या सुना-लेकी निघाल्या, तर कागद निर्दोष राहतो आणि समिती मुकी होते.

आपल्या परंपरेत 'समिती' हा शब्द सभेच्या अर्थाने येतच नाही. पाच समित्यांमध्ये ईर्यासमितीनंतर लगेच भाषासमिती येते: बोलताना ठेवायची सावधानता, हितकर, मोजके आणि संदेहरहित बोलणे. मुनिजनांसाठी सांगितलेला हा आचार रेडिओच्या सल्लागार समितीला जसाच्या तसा लागू पडतो. तिचे काम पैसा सांभाळण्याचे किंवा कर्मचाऱ्यांवर हुकूम सोडण्याचे नाही. केंद्राच्या वाणीवर लक्ष ठेवणे, एवढेच तिचे काम. कोणाचा आवाज लागतो, कोणाचा लागत नाही. कोणाविषयी बोलले जाते आणि त्याला उत्तर द्यायला जागा मिळते की नाही, हे तिने पाहायचे.

प्रसंग कल्पिलेला आहे, पण बुलढाणा जिल्ह्यात तो कोणालाही सहज पटेल. खरीप हंगाम तोंडावर आहे. सोयाबीन उगवले नाही अशी तक्रार घेऊन दहा शेतकरी केंद्रावर येतात. कार्यक्रम करणारी मुलगी त्यांची मनोगते ध्वनिमुद्रित करते. बियाणे ज्या कृषी सेवा केंद्रातून घेतले ते दुकान समितीच्या एका सदस्याचे आहे. शिवाय तेच केंद्राचे सर्वांत मोठे जाहिरातदार आणि पहिल्या लाखाचे देणगीदारही आहेत. कार्यक्रम लागणार की नाही? सज्जन माणूसदेखील येथे एक फोन करतो आणि म्हणतो, 'जरा थांबा, आधी कंपनीशी बोलून घेतो.' पेरणी उलटून जाते, कार्यक्रम कपाटात राहतो. कोणीच खोटे बोललेले नसते.

बँकेत ज्या संचालकाचा कर्जप्रस्तावाशी संबंध असे, तो त्या विषयापुरता बैठकीबाहेर जात असे आणि तो बाहेर गेल्याची नोंद इतिवृत्तात होत असे. तो अप्रामाणिक आहे असे कोणी मानत नसे. उलट त्या नोंदीमुळेच त्याचा प्रामाणिकपणा शाबूत राही. हीच शिस्त रेडिओच्या समितीने पहिल्या दिवशी लेखी स्वरूपात घातली, तर त्या दुकानदारालाही ती सोयीचीच आहे. दुकानदाराची बाजू त्याच कार्यक्रमात यावी, हेही समितीनेच सांगायचे. बियाण्याचा दोष होता की पावसाच्या ओढीचा, हे एका बाजूने ठरत नसते. अनेकान्ताचा आपण पर्युषणात गौरव करतो. तो रोजच्या कामात उतरवायची याहून नेमकी जागा मला तरी दिसत नाही.

सल्ला आणि सत्ता यांची सीमारेषा इतर देशांनाही जड गेली आहे. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या रेडिओ केंद्रांना स्वतंत्र लोकसल्लागार मंडळ आवश्यक केले आणि त्याला दैनंदिन कारभारात अधिकार नाही हेही स्पष्ट केले. पण कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९४९पासून श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केपीएफए केंद्राचा अनुभव पाहण्यासारखा आहे. त्याच्या मातृसंस्थेचे राष्ट्रीय मंडळ आणि स्थानिक लोक यांच्यातील तेढ १९९९मध्ये इतकी विकोपाला गेली, की कर्मचाऱ्यांना बाहेर काढून केंद्राला कुलूप लावले गेले आणि हजारो श्रोते रस्त्यावर उतरले. न्यायालयीन लढ्यानंतर स्थानिक मंडळे श्रोत्यांच्या मतदानाने निवडली जाऊ लागली. पुढे त्या निवडणुकांनाही गटबाजीने ग्रासले. तेव्हा निवडणूक हा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. सहकारी संस्थांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाने तर नाहीच नाही.

मला अधिक विश्वास वाटतो तो म्हसवडच्या उदाहरणावर. सातारा जिल्ह्याच्या त्या दुष्काळी माण तालुक्यात चेतना सिन्हा यांनी १९९७मध्ये महिलांची सहकारी बँक उभी केली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या महिला साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी ठेवली. त्याच माणदेशी परिवाराने २००८मध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू केली. आधी लोकांची संस्था उभी राहिली आणि मग तिला आवाज मिळाला. देऊळघाटात हा क्रम उलटा होऊ नये. महिला बचतगट, शेतकरी गट, शाळा यांनी आपापली माणसे स्वतः सुचवावीत आणि विश्वस्तांनी त्यांच्यावर केवळ शिक्कामोर्तब करावे. या भागात मराठीबरोबर उर्दूही बोलली जाते, जिल्ह्यातील तांड्यांवर बंजारा बोली आहे. त्या भाषा बोलणारे समितीत नसतील, तर कार्यक्रमांतही येणार नाहीत. समवसरणात प्रत्येक जीवाला भगवंतांची वाणी आपापल्या भाषेत कळत असे, अशी आपली श्रद्धा आहे. येथे ते काम अनुवादक शोधून, वेळापत्रक बसवून करावे लागेल.

पैशाविषयी थोडक्यात. नव्या धोरणात तासाला बारा मिनिटे जाहिरातीची मुभा आहे आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. बारा मिनिटे पूर्ण भरली, तर तासाचे ५,३२८ रुपये होतात. कागदावर आकडा सुखावतो. खेड्यातल्या केंद्राची बारा मिनिटे रोज भरणे ही वेगळी गोष्ट. म्हणून आपल्या देणग्या लागणारच. ज्यांना द्यायची असेल त्यांनी धनादेशाबरोबर संस्थेकडे तीन गोष्टी मागाव्यात. समिती सदस्यांची नावे, त्यांना कोणी सुचवले आणि त्यांची मुदत कधी संपते, याची यादी. हितसंबंधाच्या विषयात बाहेर बसण्याचा लेखी नियम. आणि बैठकीची वेळ. मजुरीवरून सहाला परतणाऱ्या, मग स्वयंपाकाला लागणाऱ्या बायकांना जमेल अशीच ती असावी. दुकाने बंद झाल्यावर रात्री साडेनऊची नको. देणगीपत्रात आपले नाव कोठे छापायचे, हा रकाना रिकामा सोडला तरी चालेल.