विठ्ठल पालवणकरांचा हंगाम आणि आमचा अभ्यासक्रम

मराठीत खेळावर साहित्य नाही, हे विधान आमच्या प्राध्यापकवर्गात इतक्या सहजपणे केले जाते की त्याला पुरावा मागणे असभ्यपणाचे वाटावे. विधान करणारे सहसा इंग्रजीकडे बोट दाखवतात. निक हॉर्नबीचे 'फीव्हर पिच' (१९९२) पाहा, म्हणतात. १९८८-८९ च्या हंगामातला शेवटचा सामना लंडनच्या आर्सेनल क्लबाला लिव्हरपूलच्या मैदानावर दोन गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते. २६ मे १९८९ रोजी मायकेल थॉमसने अगदी अखेरच्या क्षणी दुसरा गोल केला आणि अठरा वर्षांनी क्लबाला विजेतेपद मिळाले. त्या हंगामातून, आणि त्याआधीच्या कित्येक रडक्या हंगामांतून, एका साध्या चाहत्याचे आत्मकथन उभे राहिले. आपल्याकडे असे काय आहे, असा प्रश्न मग येतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते.

आम्ही माहूरचे. गडाच्या पायथ्याशी टेनिस बॉलने खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या अंगात परदेशी क्लबांची नावे छापलेले शर्ट असतात. तालुक्याच्या बाजारात ते स्वस्तात मिळतात. त्या शर्टांशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण त्यांना शिकवणाऱ्यांशी, म्हणजे बऱ्याच अंशी स्वतःशीच आहे. वरच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर आहे. ते एका हंगामाचे आणि एका पुस्तकाचे आहे. हंगाम १९२३ चा, पुस्तक १९४८ चे. दोन्ही एकाच माणसाची. विठ्ठल पालवणकर हे त्यांचे नाव.

हंगामाआधी त्यांचे थोरले बंधू बाळू यांच्याबद्दल सांगायला हवे. चर्मकार समाजातले हे कुटुंब. बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत आणि सरावात साहेबांना गोलंदाजी टाकीत. जे. जी. ग्रेग नावाचे कॅप्टन आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला युरोपियनांना हरवायचे होते म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चालत असे. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हा तपशील वर्गात सांगताना आम्हांला तळटीप द्यावी लागत नाही. हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी मराठवाड्यातल्या मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालचा संघ सामन्यामागून सामना हरत असताना, बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी सामन्यांत त्यांना वगळले गेले आणि विठ्ठल यांची ज्येष्ठता डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. त्यांनी आपली बाजू वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडली. अंतिम सामन्यात बाळूंना उपकर्णधार करून परत बोलवावे लागले. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यतेविरुद्ध ठराव केला. ठरावाचे वर्ष आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. दोन भावांनी केलेला तो संप सापडत नाही, आणि संपाला दुसरा शब्द आम्हांला सुचत नाही.

तीन वर्षांनी, १९२३ च्या हंगामात, विठ्ठल कर्णधार झाले. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले आणि चाहत्यांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. ज्या खांद्यांना एरवी त्यांची सावली चालली नसती, असे खांदे त्यांत असणारच. पुढे १९२५ आणि १९२६ सालीही त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदू विजेते ठरले.

आता एक आक्षेप, जो आम्हांला योग्य वाटतो. हे सामने धर्मावर उभे होते. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशी विभागणी मैदानावर पाहत बसणे लोकांच्या मनासाठी चांगले नव्हते; १९४० साली गांधींनीही पंचरंगी सामन्यांना नापसंती दर्शवली. हे सारे खरे. पण संघाच्या नावातच 'हिंदू' असल्यामुळे एक प्रश्न टाळता येईनासा झाला: हिंदू कोण? १९२३ साली जो समाज आपला कर्णधार म्हणून विठ्ठल पालवणकरांना खांद्यावर घेत होता, त्याच समाजाने १९३० साली नाशिकला काळारामाचे दरवाजे अस्पृश्यांना बंद ठेवले. या दोन घटना एकाच तासाला शेजारी ठेवून शिकवून पाहाव्यात. आम्ही पाहिल्या. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, विठ्ठल कॅप्टन झाले तेव्हा चहाचं भांडं बदललं होतं का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कोणाकडे जावे? स्वतः विठ्ठल पालवणकरांकडे. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत आहे. ते १९४८ साली आले, ज्या वर्षी सप्टेंबरात आमचे गाव निजामाच्या राज्यातून सुटले. आणि इथेच आमची लाज सुरू होते. या पुस्तकाचे नाव आम्हांला मराठी वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही खंडातून कळले नाही. ते कळले रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या इंग्रजी ग्रंथातून. गुहांनी ते शोधले, वाचले, त्याचा आधार घेतला. एक मराठी पुस्तक इंग्रजीच्या दाराने आमच्याकडे परत आले, आणि त्याची मूळ प्रत आमच्या हाती अजून आलेली नाही. तरी आम्ही खुशाल म्हणत राहिलो की मराठीत असे काही नाही. 'लगान' (२००१) पाहताना कचरा नावाच्या फिरकी गोलंदाजाला टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो.

दलित आत्मकथनांची परंपरा आमच्या वर्गात 'बलुतं'पासून सुरू होते. १९७८ हे वर्ष मराठवाड्यात कोणी विसरू शकत नाही: एकीकडे दया पवारांचे पुस्तक आले, दुसरीकडे विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्या जळाल्या. मग प्र. ई. सोनकांबळ्यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७). या पुस्तकांचा आमच्यावरचा उपकार आम्ही नाकारत नाही. वाचायला आम्हांला त्यांनीच शिकवले. पण त्याआधी तीस वर्षे, चर्मकार घरातल्या एका माणसाने आपले आयुष्य मराठीत लिहून छापले होते, हे कळल्यावर तरी आरंभाची तारीख पुन्हा तपासावी की नाही?

ती तपासली जात नाही, कारण हे पुस्तक कोणत्याच फळीवर बसत नाही. अभिजन समीक्षेच्या लेखी ते खेळाडूच्या आठवणी, म्हणजे करमणूक. त्यात वाङ्मयीन मूल्य किती, असे विचारले जाते. न वाचलेल्या पुस्तकाचे मूल्य ठरवण्याची ही विद्या आम्हांला अवगत नाही. 'बलुतं'च्या वेळीही हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याला उत्तर देण्यात एका पिढीची उमेद खर्ची पडली.

दुसरी अडचण नाजूक आहे, म्हणून ती दबक्या आवाजात बोलली जाते. बाळू पालवणकर काँग्रेसकडे झुकलेले होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पडले. विद्रोहाच्या मापाने मोजले तर हे घर मापात बसत नाही. आमची निष्ठा कोणत्या बाजूला आहे हे नामांतराच्या प्रदेशात निराळे सांगण्याची गरज नसावी. पण थोरल्या भावाच्या राजकारणासाठी धाकट्या भावाच्या पुस्तकाला शिक्षा करणे हा न्याय नव्हे. शिवाय आंबेडकरी विचाराला प्रतिपक्षाचे वाचन वर्ज्य आहे, असे आम्हांला कोणी दाखवून द्यावे. बाबासाहेबांइतके प्रतिपक्षाचे वाचणारा माणूस या देशात क्वचितच झाला असेल.

आमचे मत असे की हे पुस्तक ज्या अडचणीमुळे बाजूला पडले, तीच त्याची किंमत आहे. दलिताचे आत्मकथन म्हणजे दुःखाचीच कथा, अशी सवय आमच्या अध्यापनाला लागली आहे. परीक्षेत 'दाहक वास्तव' हे दोन शब्द लिहिले की गुण मिळतात. विद्यार्थ्यांनाही ते ठाऊक झाले आहे. इथे मात्र जिंकलेल्या माणसाचे पुस्तक आहे. तो जिंकला, संघाचा प्रमुख झाला, आणि ज्यांनी त्याला प्रमुख केले त्यांच्या घरातले भांडे कदाचित तेच राहिले. या विजयाला कोणत्या रसात बसवायचे? आमच्या समीक्षेपाशी त्यासाठी शब्दच नाही, आणि तो नसल्याची बोचही नाही.

हॉर्नबी शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. अवश्य शिकवावा, विद्यार्थी आनंदाने वाचतील. फक्त त्याच्या शेजारी ठेवायला 'माझे क्रीडा-जीवन' हाती हवे. मुंबई-पुण्याच्या जुन्या ग्रंथालयांत ज्यांचे येणे-जाणे आहे, त्यांनी कपाटे उघडावीत. प्रत सापडली तर तिची छायाप्रत माहूरलाही यावी. मागच्या बाकावरच्या प्रश्नाला आम्ही पुढच्या आठवड्याची मुदत मागून घेतली होती. ती केव्हाच टळून गेली आहे.