गॅमा किरण आणि बाठ्यातला भुंगा

किरणांचा मारा करून अन्न टिकवण्याच्या प्रक्रियेवरचा सर्वांत जुना आक्षेप सर्वांत कच्चाही आहे: असे अन्न म्हणे स्वतःच किरणोत्सारी होते. या आक्षेपात किरण लागणे आणि किरणोत्सारी द्रव्य लागणे यांची गल्लत आहे. विकिरण केंद्रात कोबाल्ट-६० हे द्रव्य पोलादी आवरणाच्या बंद कांड्यांमध्ये असते आणि मालाचे खोके त्यांच्यासमोरून फिरवले जातात. कोबाल्ट अन्नाला शिवतही नाही. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तेवढ्याने पेशीतील डीएनएचे धागे तुटतात, पण अन्नातील अणूंची केंद्रके काही किरणोत्सारी होत नाहीत. उन्हात वाळवलेला पापड रात्री उजेड देत नाही, तसेच हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार, कारण तो प्रयोगशाळेतून आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कुपोषित मुलांना नुकताच विकिरणित केलेला गहू काही आठवडे खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तात गुणसूत्रांची संख्या वाढलेल्या पेशी आढळल्या, असे त्यात म्हटले होते. जगभरच्या विरोधकांनी हा निबंध उचलून धरला आणि आजही तो अधूनमधून डोके वर काढतो. पण मुले होती एकूण पंधरा, प्रत्येक गटात पाच. साधा गहू खाणाऱ्या गटात तशी एकही पेशी दिसली नाही, हा तपशील तर आणखी संशयास्पद, कारण अशा थोड्या पेशी निरोगी माणसाच्या रक्तातही असतात. सरकारने हा प्रश्न डॉ. पी. सी. केशवन आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांच्याकडे तपासणीसाठी सोपवला. निबंधातील आकडे त्याच्या निष्कर्षाला आधार देत नाहीत, असा निर्वाळा त्यांनी १९७६ साली दिला. पुढे १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने प्रक्रिया केलेले अन्न निर्धोक ठरवले. कुपोषित मुलांवर असा प्रयोग करावा का, हा प्रश्न मात्र त्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

किरणांमुळे अन्नात नवी रसायने तयार होतात, हे खरे आहे. त्यांतली बहुतेक भाजताना, तळतानाही होतात. स्निग्ध पदार्थांत तयार होणारी काही संयुगे इतकी वैशिष्ट्यपूर्ण असतात की त्यांच्यावरूनच विकिरणित माल ओळखता येतो. ब-१ जीवनसत्त्व काही अंशी घटते, पण ते शिजवतानाही घटतेच.

घाणेरडा माल किरणांखाली घालून स्वच्छ म्हणून विकला जाईल, हा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. किरणांनी जिवाणू मरतात, पण बुरशीने आधीच शेंगदाण्यात सोडलेले अफ्लाटॉक्सिन तसेच राहते. कुजलेल्याचे ताजे होत नाही. म्हणून स्वच्छता आधी आणि किरण नंतर, हा क्रम सुटला की प्रक्रियाच बदनाम होते. वेष्टनावर विकिरणाचे हिरवे चिन्ह हवे, ही विरोधकांची मागणीही योग्यच आहे, आणि भारतीय नियमांत ती मान्य झालेली आहे.

प्रक्रियेचे खरे बळ दिसते ते जिथे दुसरा उपाय तोकडा पडतो तिथे. मिरी किंवा मिरचीपूड उकळून निर्जंतुक करता येत नाही, वासच जातो. इथिलीन ऑक्साइडच्या धुरीला युरोपात बंदी आहे. वाशीचे विकिरण केंद्र २००० सालापासून मसाल्यांसाठी चालते. १० किलोग्रे मात्रेनेही पदार्थाचे तापमान जेमतेम अडीच अंशांनी वाढते, त्यामुळे सुवास बव्हंशी टिकतो. आंब्याचा दाखला याहून बोलका. बाठ्याच्या आत दडलेला भुंगा बाहेरून दिसत नाही आणि गरम पाण्याची प्रक्रिया त्याच्यापर्यंत भरवशाने पोहोचत नाही. किरण पोहोचतात. ०.४ किलोग्रे मात्रेने तो लगेच मरेलच असे नाही, पण त्याची वीण थांबते आणि आयात करणाऱ्या देशाला तेवढे पुरते. अमेरिकेची सुमारे १८ वर्षे बंद असलेली बाजारपेठ २००७ साली हापूस आणि केसरला खुली झाली ती लासलगावच्या केंद्रातून गेलेल्या मालामुळे.

हे केंद्र २००२ मध्ये उभे राहिले ते मुख्यतः कांद्यासाठी, आणि नावारूपाला आले आंब्यामुळे. त्याचे कारण समर्थकांनीही नीट पाहावे. कांद्याचा कोंब रोखायला एक किलोग्रेच्या दहाव्या भागाइतकी मात्राही पुष्कळ होते, पण ती काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच द्यावी लागते. कोंब थांबला तरी वजनातील घट थांबत नाही, आणि ओलसर चाळीत सडणारा कांदा सडतोच. विकिरणित कांदा शीतगृहात ठेवला तर फायदा मोठा, कारण थंडीतून बाहेर काढल्यावर साध्या कांद्याला भराभर येणारे कोंब त्याला येत नाहीत. मात्र तेव्हा किरणांच्या खर्चात शीतगृहाचे भाडे आणि दोन वेळची वाहतूकही धरावी लागते, आणि पडत्या भावात हा हिशेब शेतकऱ्याला परवडत नाही.