बंद पडलेला ड्रायर ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

पावसाची झड लागली की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस सुकत नाहीत आणि मुलांचा गणवेश सकाळी सातला अंगावर हवाच असतो. नेमका तेव्हा ड्रायर बंद पडतो. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, आवाज नाही. माणूस घायकुतीला येतो आणि ‘दहा मिनिटांत डायरेक्ट करून देतो’ म्हणणारा जो कोणी भेटेल, त्याच्या हाती यंत्र सोपवतो. घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याची हात जोडून विनंती आहे, त्याला तसं करू देऊ नका.

‘डायरेक्ट’ करणं म्हणजे काय, ते समजून घ्या. ड्रायरची पाठ उघडली की गरम हवेच्या वाटेवर बहुधा एक लहानसा तुकडा बसवलेला दिसतो, बोटाच्या पेराएवढा, दोन पात्यांत दोन वायरी खोचलेल्या. हा थर्मल फ्यूज. हवा ठरलेल्या तापमानापलीकडे गेली की तो आतून तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. काही मॉडेलमध्ये तो उडाला तरी ड्रम फिरत राहतो, फक्त हवा गार येते. काहींत अख्खं यंत्र निपचित पडतं. घाईतला कारागीर त्या दोन वायरी सोलतो, एकमेकींना पीळ घालतो, वर काळी टेप गुंडाळतो. ड्रायर सुरू होतो, तो पैसे घेऊन जातो. तुमच्या घरात मात्र दोन हजार वॉटच्या आसपासचा हीटर उरतो आणि तो बेफाम तापलाच, तर त्याला थांबवणारं शेवटचं साधन आता जागेवर नसतं.

फ्यूज उगाच उडत नाही. बहुतेक वेळा हवेची वाट तुंबलेली असते. सुती कपड्यांचे तंतू जाळीवर साचून त्यांचा नमदा झालेला असतो, नाहीतर मागची नळी भिंतीला टेकून चेपलेली असते. हवा बाहेर पडत नाही आणि हीटर तापतच राहतो. हे तंतू ठिणगीसरशी पेटतात. म्हणून नवा फ्यूज त्याच रेटिंगचा बसवून घ्याच, पण त्याआधी नळी काढून आतून साफ करायला सांगा. जाळी तर प्रत्येक वेळी कपडे काढले की स्वतः झटका.

आता सगळ्यात तातडीची गोष्ट. ही फार थोड्या घरांत माहीत असते. लाइट गेली म्हणून किंवा बिघाडामुळे ड्रायर मध्येच थांबला, तर कपडे आत तसेच ठेवू नका. प्रत्येक फेरीच्या शेवटी काही मिनिटं नुसती गार हवा फिरते, ती कपड्यांतली ऊब काढण्यासाठीच. ती फिरलीच नाही, तर गरम कपड्यांचा गोळा ड्रममध्ये कोंडून राहतो. त्यात बाळाच्या मालिशीचे तेलकट टॉवेल असतील किंवा ओट्यावरचं तेल पुसलेली फडकी असतील, तर धोका कैक पटींनी वाढतो. करडई, जवस, सूर्यफूल अशा तेलांचा हवेशी संयोग होताना स्वतःची उष्णता निर्माण होते. गोळ्यातून ती बाहेर पडू शकत नाही आणि कापड आतल्या आत पेटू शकतं, वीज बंद असतानाही. तेव्हा प्लग काढा, कपडे लगेच बाहेर घ्या आणि सुटे सुटे पसरा. मात्र यंत्रातून धूर येत असेल, जळका वास येत असेल किंवा पत्रा चटका बसण्याइतका तापला असेल, तर दार उघडू नका. दार उघडलं की आतल्या धुमसण्याला हवा मिळते. मेन स्विच बंद करा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा.

असं काही नसेल, तर बिघाड कुठे आहे हे बरंचसं तुम्हालाच कळू शकतं, पेचकस न उचलता. दार नीट लागलंय का, लागताना खटका ऐकू येतो का, चाइल्ड लॉक चालू राहिलाय का, एवढं आधी पाहा. मग भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग बाहेर काढा आणि पिना उजेडात धरा. पिन काळवंडली असेल, प्लास्टिक वितळल्याचा वास येत असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. ड्रायरला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. टीव्ही, मोबाइलसाठी आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीही लावू नका. दोन हजार वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर, आणि हे बोर्ड बहुधा 6 अँपिअरचे असतात.

पिना स्वच्छ असतील तर घराच्या मेन बोर्डाकडे वळा. एमसीबी पडला असेल तर तो एकदाच उचला. पुन्हा पडला तर तिथेच थांबा; खटका दाबून धरणं किंवा जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून घेणं म्हणजे भिंतीतली वायर जाळायला घेणं. आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पडणारा स्विच, पडला असेल, तर ड्रायरचा प्लग काढून तो उचलून पाहा. तो टिकला तर गळती बहुधा ड्रायरमध्ये आहे. तरीही टिकला नाही, तर भिंतीत ओल शिरली असेल किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्रात दोष असेल. आपल्याकडे ड्रायर बहुधा ड्राय बाल्कनीत असतो आणि पावसाचे तुषार थेट सॉकेटपर्यंत येतात, त्यामुळे ही शक्यता अजिबात लहान नाही. ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून यातलं काहीही करू नका.

टेस्टरच्या दिव्यावरही विसंबू नका. न्यूट्रल तुटलेला असला की ड्रायर मेल्यासारखा पडून असतो, पण फेज आत हजर असते. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून पाठ उघडायचं काम जाणत्या माणसाचं, तेही प्लग काढल्यावरच. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण कित्येक घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. अर्थची जाड पिन तोडून दोन पिनांवर ड्रायर चालवणाऱ्यांनी तर आजच तो थांबवावा.

लंडनच्या पश्चिम भागातल्या शेफर्ड्स कोर्ट या 18 मजली इमारतीत ऑगस्ट 2016 मध्ये सातव्या मजल्यावरच्या एका ड्रायरमधून आग लागली आणि ज्वाळा बाहेरच्या बाजूने वरच्या मजल्यांवर चढत गेल्या. सुदैवाने कोणी दगावलं नाही. आपल्याकडच्या टॉवरमध्येही एका घरातला ड्रायर हा वरच्या-खालच्या सगळ्यांचा प्रश्न आहे.

म्हणून सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना सांगणं आहे, या आठवड्यातच परवानाधारक वायरमन बोलावून ज्या ज्या घरी ड्रायर आहे तिथला पॉइंट, अर्थिंग आणि आरसीसीबी तपासून घ्या. दुरुस्तीला येणाऱ्याला प्रत्येक घराने दोन गोष्टी विचाराव्यात: फ्यूज कशामुळे उडाला, आणि काढलेला जुना फ्यूज कुठे आहे? तो हातात मिळाल्याशिवाय आणि कारण कळल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्वी कधी तुमचा ड्रायर ‘डायरेक्ट’ करून घेतला असेल, तर आज रात्री तो लावू नका. प्लग काढून ठेवा आणि नवा फ्यूज बसेपर्यंत कपडे पंख्याखाली वाळत घाला.