आधी कुत्रा बांधायला वेळ तर द्या!

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या घरी पोलीस आला होता. घाबरू नका, कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर जे ऐकून घ्यावं लागलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेख.

आम्ही डेन्व्हरजवळच्या एका उपनगरात राहतो. आई पुण्याहून आली आहे. मंगळवारी दुपारी तिने अलार्म बंद न करताच मागचं दार उघडलं. भोंगा सुरू झाला, तिने घाबरून दोनदा चुकीचा कोड दाबला. अलार्मवाल्यांनी मला फोन केला आणि मी नेहमीप्रमाणे फोन सायलेंटवर टाकून मीटिंगमध्ये! मग त्यांनी पोलिसांना कळवलं. तोवर आमचा बंड्या (अर्धा लॅब्रडॉर, अर्धा देव जाणे, वजन ७५ पौंड) मागच्या अंगणात जाऊन भोंग्याच्या सुरात सूर मिसळत होता.

आलेला पोलीस बाजूच्या फाटकापाशी थांबला. फाटक खडखडवलं. कुत्रा दिसल्यावर आत न येता हाका मारल्या. आई बाहेर आली, तिने बंड्याला पट्ट्याला धरून घरात कोंडलं आणि मगच तो अंगणात आला. पाच मिनिटांत प्रकरण मिटलं. संध्याकाळी आई म्हणाली, "बरा होता रे पोलीस. आपला गॅसवाला नाही का फाटकाबाहेरूनच ओरडत, 'कुत्रं धरा हो' म्हणून, तस्सं."

हा किस्सा मी गेल्या शनिवारी मंडळाच्या पॉटलकला सांगितला. आमचे एक स्नेही (यांनी आयुष्यात मासासुद्धा पाळलेला नाही) भजी खाता खाता म्हणाले, "नशीब समज. त्याने गोळी घातली असती तरी चूक तुझीच होती. कुत्रा पाळायचा तर जबाबदारी नको घ्यायला?" आजूबाजूच्या चार माना डोलल्या.

मला तिथे उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं गाडीत बसल्यावर सुचतात. तर हे घ्या उत्तर.

भारतातल्या वाचकांना वाटेल, अलार्म वाजला म्हणून कुत्र्याला गोळी? काहीतरीच काय! मंडळी, २०१७ च्या जुलैमध्ये मिनीॲपोलिसला अगदी हेच झालं. घरातल्या मुलीच्या हातून चुकून अलार्म वाजला. आलेला पोलीस मागचं कुंपण ओलांडून अंगणात उतरला. घरचे दोन कुत्रे पुढे आले आणि त्याने दोघांवर गोळ्या झाडल्या. दोघं जखमी झाले, सुदैवाने जगले. घराच्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड झालं म्हणून जगाला कळलं.

आता सांगा, इथे मालकाने कोणती जबाबदारी घ्यायची राहिली होती? कुत्रे स्वतःच्या घरात, स्वतःच्या कुंपणाच्या आत होते. माझ्या आईच्या आणि त्या मुलीच्या चुकीत काडीचा फरक नाही. फरक एवढाच, की एक पोलीस फाटकाशी थांबला आणि दुसऱ्याने कुंपण ओलांडलं.

आणि हे एकच प्रकरण नाही. २०१२ मध्ये ऑस्टिनला घरगुती भांडणाच्या तक्रारीवरून पोलीस आला तो चुकीच्या पत्त्यावर. मालक अंगणात कुत्र्याशी खेळत होता. त्याच्यावर बंदूक रोखली गेली आणि भुंकत धावलेला सिस्को मारला गेला. पत्ता पोलिसांचा चुकला, कुत्रा मात्र या माणसाचा गेला.

२००८ मध्ये मेरीलँडमधल्या बर्विन हाइट्स गावचे महापौर शे कॅल्व्हो कुत्र्यांना फिरवून घरी आले आणि दारातलं पार्सल त्यांनी आत नेलं. त्यात ३२ पौंड गांजा होता. तस्कर अशी पार्सलं निरपराध लोकांच्या पत्त्यावर पाठवून मधल्यामध्ये पळवायचे, ही त्यांची युक्ती. काउंटीच्या पोलिसांना पार्सलची माहिती आधीपासून होती. त्यांनी ना घर कुणाचं याची नीट चौकशी केली, ना गावच्या पोलिसांना कळवलं. दार फोडून सशस्त्र पथक घुसलं आणि पेटन आणि चेस हे दोन काळे लॅब्रडॉर मारले गेले. महापौर निर्दोष होते.

आणि २००३ च्या १ जानेवारीचं टेनेसीचं प्रकरण तर मला बघवत नाही (पोलिसांच्या गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे). सुट्टीहून परतणारं एक कुटुंब. वडील पेट्रोल भरताना पाकीट गाडीच्या टपावर विसरले, नोटा हायवेवर उडाल्या आणि कुणीतरी पोलिसांना कळवलं. पोलिसांना वाटलं दरोडा. सगळ्यांना रस्त्यावर गुडघ्यावर बसवून बेड्या घातल्या. गाडीचं दार उघडं, आत कुत्रा. सगळं घर विनवतंय, दार लावा हो, कुत्रा बाहेर येईल. कुणी दार लावलं नाही. कुत्रा बाहेर आला आणि शॉटगनने मारला गेला.

स्नेहीसाहेब, त्या मालकांनी जबाबदारी घेतली होती. हात बेडीत असताना घेता येईल तेवढी सगळी घेतली होती!

आता जरा आपल्या धंद्याचं बोलू. आपल्याकडे एक फार सोयीचा शब्द आहे, "यूजर एरर". बग आला की पहिलं वाक्य, "यूजरने चुकीचं बटण दाबलं." कधीकधी ते खरंही असतं. पण तेच चुकीचं बटण रोज नव्या गावात नवा यूजर दाबत असेल, तर कुठलाही शहाणा टीम लीड तिकीट बंद करू देत नाही. तो विचारतो, बटण तिथे ठेवलं कुणी? कन्फर्मेशन का नाही विचारलं? आणि एका क्लिकवर सगळा डेटा उडतोच कसा?

कुत्र्यांच्या बाबतीत आपण वीस-पंचवीस वर्षं तिकीट बंद करत बसलो आहोत. अमेरिकी न्याय खात्याच्या एका विभागाने २०११ मध्ये पोलिसांसाठीच एक पुस्तिका काढली. तिच्यात स्पष्ट म्हटलंय, की बहुतेक पोलीस विभागांत गोळीबाराच्या निम्म्याहून जास्त घटना प्राण्यांवरच्या असतात, आणि त्यात सर्वाधिक कुत्रे. अख्ख्या देशात वर्षाला असे किती कुत्रे मारले जातात याची अधिकृत मोजदाद मात्र नाही. ज्या सिस्टिममध्ये एररचं लॉगिंगच नाही, तिथे एरर यूजरची हे यांना कळतं कुठून?

"पण पोलिसाकडे एक सेकंद असतो," हा पुढचा मुद्दा. मान्य. अंगावर खरोखर धावून आलेल्या कुत्र्यासमोर उभं राहणं सोपं नाही, आणि चाकू घेतलेल्या माणसामागे धावणाऱ्या पोलिसाने आधी कुत्रा बांधायची वाट बघावी असं मीही म्हणत नाही. पण पोस्टमनकडेही एकच सेकंद असतो. अमेरिकी टपाल खात्याच्याच आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये त्यांच्या ५,८०० हून जास्त कर्मचाऱ्यांवर कुत्र्यांनी हल्ले केले. त्यांच्याकडे काय असतं? खांद्यावरची पिशवी आणि एक स्प्रे. पिशवी पुढे धरा, पाठ फिरवू नका, फाटक आधी वाजवा, हे त्यांना शिकवलेलं असतं. पोस्टमनला माघार घेता येते, पोलिसाला दरवेळी येत नाही, हेही मान्य. पण अलार्मच्या कॉलवर येते. चुकीच्या पत्त्यावर तर यायलाच हवी.

शिवाय तो एक सेकंद बऱ्याचदा आधीच्या तासांनी, दिवसांनी बनवलेला असतो. सॅन होजेला १९९८ मध्ये पोलिसांनी काही घरांवर छापे घातले. तयारीला आठवडा होता, कुत्रे आहेत हे ठाऊक होतं. कुत्र्यांचं करायचं काय, याची योजना एकच, गोळी. २००५ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ठणकावलं, की वेळ असूनही दुसरा पर्याय न शोधणं घटनेला धरून नाही.

मात्र कोर्टावर फार विसंबू नका. बॅटल क्रीक, मिशिगनच्या २०१३ मधल्या छाप्यात घरात राहणाऱ्या माणसाने पोलिसांना सांगितलं होतं, की माझ्याकडे किल्ली आहे आणि आत दोन कुत्रे आहेत. त्यांनी दार फोडलं आणि दोन्ही मारले. त्यातला पहिला जागेवरून काही इंच सरकला होता आणि भुंकला होता, एवढंच. २०१६ मध्ये सहाव्या सर्किटने पोलिसांचं वागणं वाजवी ठरवलं. अनोळखी माणूस दार फोडून आला तर कुत्र्याने भुंकू नये? मग पाळायचा कशाला, भाजी निवडायला?

आणि उलट बाजू बघा. केंद्रीय यंत्रणांच्या कुत्र्याला किंवा घोड्याला कुणी जिवे मारलं किंवा कायमचं जायबंदी केलं, तर २००० सालच्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा मला योग्य वाटतो. पण मग बिल्ला असलेला कुत्रा म्हणजे जीव आणि माझा बंड्या म्हणजे सोफ्यासारखी मालमत्ता, हे गणित काही जुळत नाही.

ज्यांना कुत्र्यांचं काही पडलेलं नाही, त्यांच्यासाठी आणखी एक. कुत्र्यावर झाडलेली गोळी कुत्र्यालाच लागते असं नाही. २०१५ मध्ये आयोवातल्या बर्लिंग्टनला कुत्र्यावर नेम धरताना पोलिसाचा पाय बर्फावरून घसरला आणि गोळीने घरची बाई गेली. २०१९ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनला गवतावर पडलेल्या एका बाईची नुसती विचारपूस करायला पोलीस गेला, मोकळा कुत्रा धावत आला, त्याने गोळ्या झाडल्या आणि ती बाईच मेली. माझ्या अंगणात त्या मंगळवारी बंड्याच्या मागे दहा फुटांवर माझी आई उभी होती. भजी खाताना हे आठवावं.

बरं, मालकाची जबाबदारी नाहीच का? आहे, शंभर टक्के आहे. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नला एक मालक पोलिसांचं चित्रण करत होता. अटक होणार हे दिसताच त्याने आपल्या रॉटवायलरला गाडीत ठेवलं, पण काच उघडी राहिली. मालकाला बेड्या घालताना बघून मॅक्स खिडकीतून उडी मारून आला आणि मारला गेला. काच वर करायला हवी होती, हे मी त्या माणसाला तोंडावर सांगेन. आणि माझा फोन सायलेंटवर होता ही माझी चूक, हे मी इथे चारचौघांत लिहितोय.

म्हणून त्या रात्रीच मी कामाला लागलो. फाटकाला कुलूप आणि "कुत्रा आहे" ची मोठी पाटी. अलार्मच्या यादीत बायकोचा आणि शेजाऱ्याचा नंबर. दाराशी खुंटीवर कायमचा पट्टा, आणि पुढच्या दारापाशी लहान मुलांना अडवतात तसलं जाळीचं फाटक, म्हणजे दार उघडलं तरी बंड्या थेट बाहेर नाही. ९११ ला फोन करायची वेळ आलीच तर पहिल्या दोन वाक्यांत सांगायचं, "घरात कुत्रा आहे, मी त्याला खोलीत बंद करतोय." आईलाही एवढं इंग्रजी वाक्य पाठ करून घेतलं आहे. तुमच्याकडे कुत्रा असेल तर या वीकेंडला हे करून टाका, दोन तासांचं काम आहे.

पण माझी जबाबदारी माझ्या हाताइतकी लांब. माझं कुलूप असून कुणी कुंपण ओलांडलं, माझी किल्ली नाकारून दार फोडलं, मी विनवत असताना गाडीचं दार उघडं ठेवलं, की तिथे माझा हात पोचत नाही. तिथे ज्याच्या हातात बंदूक आहे त्याची जबाबदारी सुरू होते. आणि ती माझ्यापेक्षा मोठी आहे, कारण त्याला त्याच कामाचा पगार आणि प्रशिक्षण मिळतं, आणि वेळ बहुतेकदा त्यानेच ठरवलेली असते.

हे जमत नाही असंही नाही. आमच्याच भागात, कॉमर्स सिटीला, २०१२ मध्ये क्लोई नावाची कुत्री गॅरेजमधून सुटली. गळ्यात कॅच-पोलचा फास असताना तिला गोळ्या घातल्या. शेजाऱ्याने ते टिपलं. अधिकाऱ्यावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. पण कोलोराडोचे लोक तिकीट बंद करून बसले नाहीत. २०१३ मध्ये इथे कायदा झाला, की पोलिसांना कुत्र्यांची देहबोली ओळखायचं प्रशिक्षण द्यायचं, आणि शक्य असेल तिथे मालकाला आपला कुत्रा आवरायची संधी द्यायची. टेक्सासनेही २०१५ मध्ये असं प्रशिक्षण सक्तीचं केलं.

त्या मंगळवारी आमच्या फाटकाशी थांबलेला पोलीस मुळातच सज्जन असेल किंवा त्याने ते प्रशिक्षण नीट घेतलं असेल, मला माहीत नाही. पण स्नेहीसाहेब म्हणाले तसं ते निव्वळ नशीब असू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही इथे राहत असाल तर आपल्या गावच्या पोलिसांना एक ईमेल टाका, कुत्र्यांबाबत तुमचं लेखी धोरण काय आहे म्हणून. मी टाकली आहे. उत्तर आलं की इथे लिहीनच.

असो. बंड्या पट्टा तोंडात धरून उभा आहे. निघतो.