कलत्या गाडीतला फ्रिज
अमेरिकेत फिरतं घर घेऊन निघणाऱ्यांना कळकळीचं सांगणं आहे: मुक्कामाला गाडी लावलीत की फ्रिज चालू करण्याआधी ती सपाट उभी आहे का ते बघा. या गाड्यांतल्या बऱ्याच फ्रिजना कॉम्प्रेसर नसतो. १९२२ मध्ये स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स यांनी ही युक्ती काढली. गॅसची ज्योत पाण्यातला अमोनिया उकळून वेगळा करते, तो वर जाऊन द्रव होतो, हायड्रोजनच्या संगतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि फ्रिजमधली उष्णता ओढली जाते. मग तो पाण्यात मुरून खाली परततो, तोही नळ्यांच्या जेमतेम उतारावरून. एकही भाग हलत नाही! इतकं देखणं यंत्र हकनाक मेलेलं मला बघवत नाही. गाडी कलली की द्रव नळीत भलतीकडेच साचतो, बॉयलर कोरडा पडतो आणि ज्योत मात्र जळतच राहते, चुलीवर रिकामं पातेलं राहावं तसं. गंज रोखायला मिसळलेलं सोडियम क्रोमेट मग घट्ट होऊन अरुंद नळीत अडकतं, ते कायमचंच. चालत्या गाडीत हेलकाव्यांमुळे द्रव वाहता राहतो; खरा धोका उभ्या गाडीत. फ्रिजच्या अनेक मॉडेलांना आडवा कल ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंतच चालतो. स्पिरिट लेव्हल फ्रीझरच्या तळावर ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत सखल बाजूचं चाक फळ्यांवर चढवा. नाहीच जमलं तर फ्रिज सरळ बंद करा, दूध बर्फाच्या पेटीत हलवा.